एका कागदावरची सदतीस माणसं

धारूर
६ ऑक्टोबर २०२५

संगी,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवरून हाकललंस, म्हणून हे पोस्टानं. माजलगावच्या गुरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे शिपाई तरी तुझ्या टेबलावर आणून टाकेल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आधी कामाचं. परवाच्या तीन तारखेला तहसीलात तुमच्या वस्तीच्या गायरानाची सुनावणी झाली. सौर कंपनीनं आपल्या अर्जाला तो कागद जोडलाय. वर ‘संमती देणाऱ्यांची नावे’, खाली सदतीस नावं, त्यातले एकतीस अंगठे आणि सहा सह्या. वाचणाऱ्याला वाटावं की मेंढरं चारायची जागा काचेच्या तावदानांखाली घालायला अख्खी वस्ती राजी आहे. तो कागद माझा आहे, हे तुला माहीत आहे. एलएलएमच्या लघुप्रबंधासाठी मी तो केला होता. लोकांनी संमती दिली होती ती माझ्याशी बोलायला. जमिनीचा त्यात काही संबंध नव्हता.

हे सगळं मी उभं राहून सांगितलं. साहेबांनी नीट ऐकलं आणि तुझ्या आबांना विचारलं, “सटवाबा, या मुलीनं तुमचा अंगठा घेतला होता का?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. अगदी तोंडाकडं बघितलं, संगी. आणि म्हणाले, “न्हाई साहेब. ह्या पोरीला आमी वळखत न्हाई.”

बारावीला तुमच्याकडं चार महिने अभ्यासाला राहिलेली मी! मागं बाकीचे बसले होते, त्यांनीही माना हलवल्या. “आबा म्हनत्याल तसं.” साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच गावात भांडणं लावायला आलेली कुणी आहे. पुढची तारीख सत्तावीस ऑक्टोबर. त्या दिवशी आबांनी मला ओळखलं नाही तर तो कागद खरा धरला जाईल आणि माळ गेला असं समज.

तुझं ते ऐकतात. दिवाळीला वस्तीवर जाशील तेव्हा त्यांना एवढंच सांग, की अस्माला ओळखा म्हणून.

कागद अंगदच्या हाती कसा गेला, हे तू विचारशील. अंगद म्हणजे कॉलेजात आपल्या दोन वर्षं पुढं होता तोच, हल्ली कंपनीसाठी जागा बघत फिरतो. अब्बांच्या गॅरेजात माझी फाईल टेबलावर राहिली होती आणि तो गाडी दुरुस्तीला येत-जात असतो. तेवढंच झालं.

अस्मा

•

धारूर
११ ऑक्टोबर

संगी,

पाच दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारते म्हणून आता तो आमच्या गल्लीतून सायकल जोरात दामटतो. घरात बसवत नाही. गॅरेजात गेले की अब्बा म्हणतात, “एका जागी थांब, नाहीतर पाना तरी धर.” पाना धरला, तर चुकीच्या नंबरचा धरला.

काल वस्तीवर जाऊन आले. तुला विचारलं नाही, रागाव. तुझ्या केशरकाकूंनी दारातच पाणी दिलं, आत ये म्हणाल्या नाहीत. आबा मात्र नेहमीसारखे बोलले. तांबड्या शेळीला दोन करडं झालीत, एकाचा पाय वाकडा आहे, “संगीला इचार, काय लावावं.” मी म्हटलं, विचारते. कशी विचारणार होते, देव जाणे.

मग मी सरळ विषय काढला. “आबा, मला ओळखत नाही कावून म्हणलात?”

“मला काय आठवत न्हाई बग.”

“आबा!”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “त्यो अंगद म्हनला, कागद हिनं केलाय आसं तुमी सांगितलं, तर पोरीवर केस व्हईल. लोकाचे अंगठे फशीवलं म्हनून. तुरुंग. आता लगीन व्हायचं तुजं. आमच्यात जेवलेली पोर आमी धरून द्यावी व्हय?”

“आणि माळ गेला तर?”

“माळ लई जनांनी न्यायचा केला. बगू.”

मी डोक्याला हात लावून बसले. कायद्याची पुस्तकं वाचून वाचून माझे डोळे गेले, पण अशी साक्ष कुठं वाचली नव्हती. ज्याचं नुकसान व्हायचंय तोच, नुकसान करणारीला वाचवायला, खोटं बोलतोय.

अंगठे घेतले त्या दिवशीची गोष्ट तुला पूर्ण माहीत नाही, तू माजलगावला ट्रेनिंगला होतीस. विद्यापीठाचा नियम असा, की ज्याच्याशी बोलायचं त्या प्रत्येकाचा वेगळा फॉर्म. वर अभ्यासाची माहिती, खाली त्याची एकट्याची सही. माझ्या गाईड मॅडमनी दहा वेळा बजावलं होतं. मी सदतीस फॉर्म घेऊन गेले. एकानंही अंगठा उठवला नाही. केशरकाकू म्हणाल्या, “सुटा कागद नगं. सुट्या कागदावर उद्या कोन काय लिवील? आख्ख्या वस्तीचं एका कागदावर आसंल तर द्यावा.” आबा म्हणाले, आमच्यात कुठलीही गोष्ट ठरली तर सगळ्यांची एकदम ठरते, एकटं माणूस ‘हो’ म्हणत नाही.

मला ते इतकं आवडलं संगी! मनात म्हटलं, हाच तर माझा मुद्दा. कायदा एकेकट्याची संमती मागतो आणि ही माणसं एकेकटी नसतात. लघुप्रबंधाचं अख्खं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहिलं. वहीतला कोरा ताव काढला, वर ‘संमती देणाऱ्यांची नावे’ लिहिलं, आणि सगळ्यांचं एकाखाली एक घेतलं. कशाची संमती, ते त्या तावावर लिहिलंच नाही. ते वेगळ्या माहितीपत्रकावर होतं. वाचून दाखवलं की झालं, असं वाटलं. फसवणूक होऊ नये म्हणून त्यांनी एक कागद मागितला, आणि फसवायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा कागद नव्हता.

आणि तुला हेही कुणी सांगितलं नसेल. अंगठा देण्याआधी आबांनी मला बिरोबाचा भंडारा उचलायला लावला. हा कागद तुझ्या हातातून दुसरीकडं जाणार नाही, असं म्हण. मी म्हटलं. चिमूटभर हळद मुठीत धरून, डोक्यावर ओढणी घेऊन म्हटलं. घरी अब्बांना भीत भीत सांगितलं, तर ते तेवढंच म्हणाले, “कसम कुनाच्याबी देवाची आसूंदे, कसम ती कसम. पाळ.”

तू काहीतरी लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

अस्मा

•

धारूर
१४ ऑक्टोबर

संगी,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘टेबलावरची फाईल आपोआप चालत जात नाही, खरं लिही, मग आबांकडे जायचं का ते बघेन.’ खाली नावसुद्धा नाही. अक्षर मात्र तेच, बारावीच्या जर्नलमधलं, काना आकाशात गेलेलं.

खरं लिहिते. हे चौथं पत्र आहे, तीन फाडली.

फाईल टेबलावर राहिली नव्हती. मी दिली.

मार्चपासून मी प्रकल्पाची कागदपत्रं मागत होते. जागेचा नकाशा, कुठं तारेचं कुंपण, मेंढरांना वाट सोडलीय की नाही. माहितीच्या अधिकारात दोनदा अर्ज केले, दोनदा ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असं उत्तर. नकाशाशिवाय माझं चौथं प्रकरण म्हणजे नुसती तक्रार होती. मॅडम म्हणाल्या होत्या, “अस्मा, हळहळ पुरे. पुरावा आण.” जूनमध्ये अंगद गॅरेजात आला. अब्बा गाडीखाली होते. तो म्हणाला, “नकाशा माझ्याकडं हाय. पर तू खरंच लोकांत जातीस का नुसतंच घरी बसून लिवतीस, ते मला कसं कळावं? दाव की काईतरी.”

मला राग आला. माझ्यावर शंका! आणि राग आला की मी काय करते, ते तुला माहीत आहे. मी तो ताव काढून त्याच्यासमोर आपटला. सदतीस माणसं, बघ. तो म्हणाला, बस स्टँडवर झेरॉक्स काढून आणतो, साहेबाला दाखवतो, म्हणजे नकाशा द्यायला तो नाही म्हणणार नाही.

मी नको म्हणू शकत होते. मूठ आठवली मला, संगी. हळदीचा वास येतोय असंही वाटलं. तरीही मी मान हलवली. कारण मला नकाशा हवा होता. अर्ध्या तासात तो परत आला, ताव दिला आणि नकाशाची फाईल दिली. मी ती फाईल छातीशी धरून घरी गेले. त्या रात्री खुशाल झोपलेसुद्धा.

त्या नकाशावर लिहिलेलं चौथं प्रकरण वाचून मॅडमनी पहिल्यांदा ‘उत्तम’ असं लिहिलं. प्रकरणाचं नाव काय आहे, सांगू? ‘विकासप्रकल्पांतील माहितीपूर्ण संमती : स्वरूप आणि गैरवापर.’ हस. मला तर हसूही येत नाही, जिवाचा संताप होतो.

सप्टेंबरात तो कागद कंपनीच्या अर्जात निघाला, तेव्हा केशरकाकूंचा तुला फोन आला आणि तू मला विचारलंस. मी म्हटलं, चोरीला गेला असेल. तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. म्हणजे तेव्हाच ओळखलं होतंस.

आता आबांकडं जायचं की नाही, ते तू ठरव. पण मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. मला वाईट वाटायलाच हवं.

अस्मा

•

विद्यापीठाचं वसतिगृह
१७ ऑक्टोबर

संगी,

मॅडमना भेटायला आले. वसतिगृह सुट्टीमुळं निम्मं रिकामं आहे, जिना चढताना स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. खोलीत पाच मिनिटं बसते, उठते, गच्चीवर जाते, परत येते. पलीकडच्या खोलीतली मुलगी शेवटी म्हणाली, “ताई, काही हरवलंय का?”

मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, “लघुप्रबंध एकतीस तारखेला द्यायचाय. माझी सही तयार आहे. सत्तावीसला तू सुनावणीच्या नोंदीत तुझ्या तोंडानं कबूल केलंस, की संमतीपत्रक मीच तिसऱ्या माणसाला दिलं, आणि त्या लोकांनीही ते सांगितलं, तर नैतिकता समितीसमोर हे मला ठेवावं लागेल. वस्तीवरचं सगळं काम बाद होईल. दीड वर्ष. चौथं प्रकरण तर राहणारच नाही.”

“आणि त्यांनी ओळखलंच नाही तर?”

त्या म्हणाल्या, “तर नोंदीत फक्त तुझं बोलणं राहतं, आणि त्याला कुणाचा दुजोरा नाही. मग मी काही करणं भाग नाही.” मग म्हणाल्या, “मी तुला काय करायचं ते सांगत नाहीये, अस्मा. काय होईल, तेवढं सांगतेय.”

आता एक लिहिते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही, आणि तुलाही तोंडानं सांगता आलं नसतं. तीन तारखेला आबा ‘वळखत न्हाई’ म्हणाले ना, तेव्हा मला आधी काय वाटलं? सुटले, असं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मी माझं काम केलं होतं, उभी राहिले होते, खरं बोलले होते, आणि वर काही झालंही नाही. माळ जातोय हे मनात यायला दारापर्यंत चालत जावं लागलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

म्हणून परत सांगते, आणि या वेळी उसनं अवसान नाही. आबांना सांग, अस्माला ओळखा. तुरुंगबिरुंग काही नाही, अंगदनं भीती घातलीय. माझं जे व्हायचंय ते विद्यापीठात होईल, आणि ते व्हायला हवं. पण त्यांना हेही सांग, की कागद कुणी नेला नव्हता, मीच दिला. ते तू सांग. माझ्या तोंडून जमणार नाही, मी तिथं जाऊन करडांबद्दल बोलत बसेन.

अब्बांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “दीड साल जाऊंदे. कसम मोडलीस, त्याचं काय करतीस ते बोल.”

दिवाळी चांगली कर. दवाखान्यातल्या म्हशींनाही माझा सलाम.

अस्मा

•

धारूर
२७ ऑक्टोबर

संगी,

तू आली नाहीस. दारात कुणाची सावली पडली की मी मान वळवत होते, त्यामुळं कारकुनानं दोनदा “मॅडम, समोर बघा” म्हणून सांगितलं. पण तू वस्तीवर गेली होतीस, हे आबांना बघितल्याबरोबर कळलं. आज त्यांनी मला काही विचारलं नाही. कधी आलीस, जेवलीस का, काही नाही. फेटा नीट बसवला आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

निकाल आधी सांगते. कागद अर्जातून काढला. साहेबांनी लिहिलंय की तो दुसऱ्या कारणासाठी घेतलेला दिसतो, मेंढपाळांचं म्हणणं नव्यानं आणि जागेवर जाऊन ऐकावं. म्हणजे माळ वाचला असं नाही. पण तुमच्या संमतीच्या नावाखाली तो आता जाणार नाही. कंपनीचा वकील बराच चिडला. अंगद पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर फोनवर बोलायला गेला, तो परत आला नाही.

दुपारी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. मी समितीला पत्र लिहिते.” मग, “पुढच्या वर्षी परत नाव घाल. विषय दुसरा घे.” त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळंच जास्त रडू आलं. रडले. स्टँडवर, सगळ्यांसमोर. एक बाई म्हणाली, “कुनी गेलं का गं माय?” मी नाही म्हटलं.

आता आबा काय बोलले, ते सांगते. शब्दाला शब्द सांगते, कारण तू तिथं असायला हवी होतीस आणि हे तुझ्यामुळंच झालं.

साहेब म्हणाले, “सटवाबा, मागच्या तारखेला तुम्ही या मुलीला ओळखत नाही म्हणालात.”

आबा उठून उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी बसले नाहीत. “मागल्या येळी खोटं बोललो साहेब. लिवून घ्या. ही जमील मिस्त्रीची अस्मा. आमच्या नातीची मैतरीन. आमच्यात ऱ्हायलेली, आमच्यात जेवलेली. आमी अंगठं दिलं ते हिच्या अभ्यासाला. माळ द्याया न्हाई दिलं. अन् आमचा कागद हिनंच त्या अंगदच्या हातात दिला. कुनी चोरला न्हाई, कुनी वढून नेला न्हाई. आमास्नी शबुद देऊन मग दिला. हिनं लई वाईट केलं.”

कारकुनाचा पेन थांबला. त्यानं साहेबांकडं बघितलं. “साहेब, शेवटचं वाक्य घ्यायचं का? ते तसं मुद्द्याचं नाही.”

साहेब काही बोलायच्या आत मी म्हणाले, “घ्या.”

त्यानं लिहिलं. मग कागद माझ्यासमोर सरकवला. वरचं सगळं वाचून मान्य असल्यास इथं, असं म्हणून बोट ठेवलं. मी पहिल्या ओळीपासून वाचलं, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. वळून बघितलं, तर आबा खुर्चीजवळ नव्हते. वस्तीची सगळी माणसं त्यांच्यामागं बाहेर पडली होती, आणि केशरकाकू तेवढ्या दाराशी चपला घालत होत्या.

अस्मा